थप्पीमागची पोती

दादाला जाऊन पाच महिने झाले. त्याच्याविषयी काही लिहायला बसलो की आजारपणाचेच दिवस पुढे येतात, म्हणून आज ठरवून ऐंशी सालच्या आसपासची एक गोष्ट लिहितो आहे.

दादा माझा मोठा भाऊ. चौथीनंतर शाळा सोडून तो तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हमालीला लागला आणि पुढे तिथेच मुकादम झाला. पोत्यांच्या थप्प्या त्याच्या देखरेखीखाली लागत आणि उतरत. त्याच्याच कमाईवर मी बी.ए. झालो. असिस्टंट स्टेशन मास्तरच्या लेखी परीक्षेत मी पास झालो, तेव्हा त्याने मिलमध्ये पेढे वाटले. मी मात्र हबकलो होतो. लेखीनंतर 'मनोवैज्ञानिक परीक्षा' होती आणि वयाची अट पाहता ही माझी शेवटची संधी होती.

त्या परीक्षेत काय विचारतात, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. डोकं तपासतात, एवढंच गावात पसरलं. वहिनीने जेवण वाढताना विचारलं, "भाऊजी, तुमचं डोकं ठिकानावर हाये का नाही, थे पाहून राहिले म्हन्तेत. खरं हाये का?"

मी मान डोलावली.

"मंग पयले मले इचाराले पाह्यजे होतं त्याह्यनं," ती म्हणाली.

दादा हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एकाचा पत्ता लागला. तो आदल्या वर्षी याच परीक्षेत बाद झाला होता. सायकल हाणत त्याच्याकडे गेलो. भला माणूस होता. परीक्षेचे पाच भाग असतात, प्रत्येकात पास व्हावं लागतं, एकात गेलास की घरी, असं त्याने सांगितलं. तो ज्यात बाद झाला होता तो भाग त्याने माझ्या वहीत काढून दिला: एकमेकांवर रचलेले लांबट ठोकळे, काहींवर आकडे. आकड्याच्या ठोकळ्याला किती ठोकळे टेकले आहेत, एवढंच सांगायचं. जे चित्रात दिसत नाहीत, तेही धरून.

पंधरा दिवस मी ते चित्र गिरवलं. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं. पाठांतर मला जमायचं, गणितं जमायची. पण कागदावरच्या रेघांमागे काही असेल, हे डोळ्यांना पटतच नव्हतं. जेवण जाईनासं झालं. एका दुपारी दादाचा डबा घेऊन मिलमध्ये गेलो, तर त्याने डबा बाजूला ठेवून माझी वही मागितली. पुष्कळ वेळ चित्राकडे पाहत राहिला.

"ही तं थप्पी हाये," तो म्हणाला. "इच्यात कायचं भेव?"

"मागचे दिसत नाहीत, दादा. मोजू कसे?"

"मोजू नोको. हे पोतं वढलं तं कोनते हालतीन, थे सांग."

त्याने मला धानाच्या थप्पीसमोर उभं केलं. एक थर उभा, त्यावरचा आडवा, म्हणजे थप्पी एकमेकांना धरून राहते. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि कधी पाहिलं नव्हतं. त्याने एका पोत्यावर हात ठेवला. मी म्हणालो, चार. तो म्हणाला, सहा. मग ट्रक भरायला हमाल ती थप्पी उतरवू लागले. ते पोतं उघडं पडलं, तेव्हा त्याच्या मागे एक आणि मागच्या बाजूला खालच्या थरात एक अशी मी सोडलेली दोन्ही पोती तिथे होती.

"पुढचं दिसते," दादा म्हणाला. "मागचं समजून घ्या लागते. वरचं पोतं कोनाच्या तरी भरोशावर बसलं हाये ना? हवेत तं नाही बसलं."

त्यानंतर रोज दुपारी मी मिलमध्ये जाऊ लागलो. पोतं बघून आकडा सांगायचा आणि थप्पी उतरेपर्यंत थांबायचं. चुकलो की हमालांना करमणूक. एक जण ओरडायचा, "मास्तर, तुमची गाडी घसरली." तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या आकड्यावर विडीची पैज लावू लागले, आणि चौथ्यात माझ्याविरुद्ध पैज घ्यायला कोणी तयार होईना.

परीक्षा भोपाळला झाली. मोठा हॉल, प्रत्येकाला वेगळं टेबल. पहिल्यांदा एका गावाचा नकाशा दाखवून काढून घेतला आणि कोणती इमारत कुठे होती ते विचारलं. ते निभावलं. मग ठोकळे आले. शेजारचा मुलगा पेन्सिलीच्या टोकाने एकेक मोजत होता. पहिल्या चित्रातला आकड्याचा ठोकळा मी मनातल्या मनात ओढला. वरचे दोन कलंडले, बाजूचा सुटला, खालचे दोन घासले गेले, आणि मागे, जिथे रेघ नव्हती, तिथलाही एक हलला. सहा. पुढचं चित्र. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा माझी पेन्सिल केव्हाच खाली ठेवलेली होती. इतकी खात्री मला आयुष्यात त्यापूर्वी कशाचीच वाटली नव्हती.

निकालाचं पत्र आलं त्या दिवशी मी पोस्टमनच्या हातून ते घेऊन तसाच मिलकडे धावलो. दादा थप्पीवर चढलेला होता. माझा चेहरा बघून खाली उतरला, गमछ्याने हात पुसले, पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याच हातात देऊन म्हणाला, "वाच."

पत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगत गेलो: पाचही भागांत पास, असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून निवड. दादा पुन्हा वाच म्हणाला. तोवर हमाल गोळा झाले, पण धान भरडणाऱ्या हॉलरच्या आवाजात मागच्यांना काही कळेना. तेव्हा दादाने, मालकाला न विचारता, मशीन बंद करायला लावली आणि मला थप्पीवर चढवलं. सगळी मिल गप्प झाली. मी तिसऱ्यांदा वाचलं, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून.