टायरवरची थाप

अंबरनाथला आज एक ड्रायव्हर ट्रकचे टायर रॉडने ठोकून पाहत होता. तो आवाज ऐकला आणि पदवीच्या शेवटच्या पेपरची सकाळ आठवली.

बाबा मला बदलापूरहून त्यांच्या ट्रकमधून उल्हासनगरच्या कॉलेजात सोडणार होते. एरवी ते प्रत्येक टायर एकदाच ठोकत. त्या दिवशी दुसरी फेरी सुरू केली.

"बाबा, पेपर बुडेल माझा!"

"थांब गो बाय. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा आवाज बद्द येतोय, हवा गेलीय."

त्यांनी रिक्षा थांबवून मला बसवलं. "तू जा. ही गाडी आता हलायची नाय."

पेपर वेळेत गाठला, पण माझ्या परीक्षेपेक्षा त्यांना टायर मोठा वाटला, म्हणून मी दिवसभर फुगून होते. एरवी ट्रकमध्ये ते एकटेच असत, त्या दिवशी मी बसणार होते; ती दुसरी फेरी कोणासाठी होती, हे आज कळलं.