घोटा मुरगळलेल्या मॅडम

लातुरात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथं येणाऱ्यांचं सरासरी वय माझ्या सासूबाईंएवढं. गुडघे, कंबर आणि वेणी घालायलाही वर न जाणारे खांदे. माणसं येतात, मशीनच्या वायरी लावून घेतात, पेंगतात आणि "लई बरं वाटलं बघा" म्हणून जातात. त्यातले निम्मे पंख्याखाली निवांत पडायला मिळतं म्हणून येत असावेत, असा माझा जुना संशय आहे.

अशात मी खेळाडूंच्या दुखापतींचा प्रगत कोर्स करायचं ठरवलं, तेव्हा दयानंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एवढंच विचारलं, "महामाया, तू शेवटची पळालीस कधी?"

"एसटीच्या मागं," मी म्हणाले. "तीही चुकली."

शाळेत खेळाच्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून लिंबाखाली बसायचे. कोर्स कशासाठी असं कोणी विचारलं तर मराठवाड्यातल्या खेळाडूंची सेवा वगैरे सांगायचे. खरं कारण साधं होतं. आसपासच्या नव्या क्लिनिकच्या पाट्यांवर 'स्पोर्ट्स' हा शब्द झळकायला लागला होता आणि माझ्या पाटीवर तो नव्हता.

कोर्स नांदेडला, शनिवार-रविवारी. वर्गातली बाकीची पोरं-पोरी नुकतीच पदवी घेतलेली. ती मला पहिल्या दिवशी शिक्षिका समजून उठून उभी राहिली. मीही लगेच बसा म्हणाले नाही.

आमचे सर डॉ. सिद्धलिंग निलंग्याकडचे. मोजकं बोलायचे. मैदानावर पडलेल्या खेळाडूला आधी काय विचारायचं, कोणाला उचलायचं, कोणाला हातही लावायचा नाही, पट्टी कशी बांधायची, सगळं करून दाखवायचे. "दुखणं थांबलं म्हणजे खेळाडू तयार झाला असं नाही," ते म्हणायचे. "त्या पायानं उडी मारता आली पाहिजे, आणि मारायची भीती गेली पाहिजे."

त्याच उडीची चाचणी शिकवायला त्यांनी एका रविवारी आम्हाला मैदानावर नेलं. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि स्थिर राहायचं. "कोण करून दाखवतं?" सरांनी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघत होती. आपण म्हातारे नाही हे सिद्ध करायची ही संधी होती. मी हात वर केला.

उडी चांगली होती. उतरणं तेवढं बाकी राहिलं. घोटा आत वळला आणि मी सगळ्या वर्गासमोर मातीत बसले.

मग सगळ्यांचे चेहरे उजळले. समोर जिवंत केस पडली होती. आळीपाळीने प्रत्येकाने माझा घोटा दाबला, "इथं दुखतं का?" विचारलं आणि मी किंचाळले की समाधानाने मान हलवली. हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय, असं एकमताने ठरलं. सर म्हणाले, "मॅडम, आज वर्ग चांगला झाला." ते चेष्टा करत होते की कौतुक, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्यांचं नाव सरजाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी मी किती महिने ओरडत होते. आता त्या चहाचा कप घेऊन माझ्या खाटेजवळ बसल्या. "काय गं माया, व्यायाम केलास का?"

"केला, आत्या."

"किती येळा?"

"सांगितला तेवढा."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी बी तुला आसंच सांगायची." मग त्यांनी माझ्यासमोर बसून माझ्याकडून तो करून घेतला. इतकी कडक फिजिओ मी आजवर पाहिलेली नाही.

घोटा भरत आला तेव्हा कोर्समधलं मैदानावरचं काम सुरू झालं. मला रेणापूरला मुलींच्या खो-खो स्पर्धेवर पाठवलं. उपांत्य सामन्यात साक्षी नावाची मुलगी खांबावर झेपावली आणि वाकडी उतरली. तिचा संघ जिंकला, पण ती लंगडत बाहेर आली. संघाचे प्रशिक्षक व्यंकटी सर घाईने माझ्याकडे आले.

"मॅडम, स्प्रे मारा, पट्टी बांधा. दुपारी फायनल हाय."

"बघू द्या आधी."

"दुखत न्हाई," साक्षी म्हणाली. "एकदम बरं हाय."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. खाटेवर पडून मी याच आवाजात आत्यांना उत्तरं द्यायचे. मी तिला दुखऱ्या पायावर एकदाच उडी मारायला सांगितलं. तिने माझ्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं.

"तुमी मारून दाखवा की."

सगळा मांडव बघत होता. तोवर सिद्धलिंग सरांनी मला उड्या मारायला परवानगी दिली होती, पण गर्दीसमोर मारायचं काही ठरलं नव्हतं. पिशवी खाली ठेवली. मारली. उतरले. थोडी हलले, पण उभी राहिले. दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागले, त्यामुळे आणखीच ओशाळवाणं झालं.

साक्षी उभी राहिली. गुडघा वाकवला, हात मागे घेतले, आणि पाय जमिनीवरून उचललाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग ती खाली बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडायला लागली.

"ही खेळणार नाही," मी व्यंकटी सरांना सांगितलं.

त्यांनी साक्षीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक हाय," आणि दुसऱ्या मुलीला तयार करायला गेले.

संघ फायनल हरला. माइकवरच्या माणसाने "डॉक्टरीनबाईंनी खेळाडू रोखल्यामुळं" असं म्हणत साऱ्या रेणापूरला माझी ओळख करून दिली. जेवणाच्या पंगतीत शिरा माझ्या ताटावरून पुढे गेला. मी निर्णय घेणारी कणखर बाई वगैरे नव्हते. परत येताना बसमध्ये मला सारखं वाटत होतं, पट्टी घट्ट बांधली असती तर पोरगी खेळली असती का?

पुढच्या आठवड्यात साक्षी आईबरोबर क्लिनिकला आली. व्यंकटी सरांनीच पाठवलं होतं. शेजारच्या खाटेवर आत्या गुडघ्याचा व्यायाम करत होत्या. दोघींचं पहिल्याच दिवशी जमलं. साक्षीने टाळाटाळ केली की माझ्याआधी आत्याच बोलायच्या. एका पायावर उभं राहणं, मग गादीवर, मग डोळे मिटून, मग उड्या. शेवटी मैदानात पळणं आणि वळणं. तेही मला तिच्याबरोबर करावं लागलं, कारण एकटीला तिला लाज वाटायची. मला वाटायची ती कोणी विचारली नाही.

हिवाळ्यात धर्माबादला सामने होते. सिद्धलिंग सरांनी तिची चाचणी स्वतः घेतली आणि खेळायला हरकत नाही म्हणाले. मी बाजूला पिशवी घेऊन बसले. साक्षी मैदानात उतरली, झकास पळाली, खांबाला वळसा घातला, आणि दम लागायच्या आतच बाद झाली. अख्खा संघ ओरडत होता आणि मी तिच्या घोट्याकडे बघत होते.

ती येऊन शेजारी बसली.

"पाय?" मी विचारलं.

"पायाला काय झालं न्हाई मॅडम. माझंच ध्यान न्हवतं."

पाणी पिऊन तिने बुटाची नाडी पुन्हा बांधली आणि पुढच्या डावाला उठून गेली.