न जळणारा कापूस

अक्काला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून दोष खडूला दिला. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून तिने मुलींना गणित शिकवलं होतं. शेजारणी म्हणाल्या खडूची धूळ, शाळेतल्या बाई म्हणाल्या खडूची धूळ, आणि मी वर आणखी म्हणाले की वजन वाढलंय, जिना चढताना कोणालाही धाप लागते. मी अशीच आहे. समोरच्याचं दुखणं ऐकून घ्यायच्या आधी माझा सल्ला तयार असतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. अक्का आणि अण्णा, म्हणजे माझी थोरली बहीण आणि आमचे वडील, बंगळूरला बनशंकरीच्या घरात राहायचे. मी लग्न होऊन इंदिरानगरात. दोन बस बदलून आठवड्यातून एकदा जायचे, आणि गेले की घरभर हुकूम सोडायचे. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझी वेणी, माझा अभ्यास, माझं आजारपण सगळं तिनेच काढलं. तिने लग्न केलं नाही. अण्णा ऐंशीला टेकले होते आणि ठणठणीत होते. काठी न घेता रोज सकाळी देवळापर्यंत चालून यायचे. त्यांना साधी शिंक आलेली मला आठवत नाही.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात पुण्याहून आलेली संगणकवाली मुलं आमचं बोलणं ऐकून हसायची. एका दुपारी अक्का मला तिच्या त्या बोलीत म्हणाली, "काय की गे, उजव्या कुशीवर वळले की आत कोण की हळूच सरकतंय. मी थांबले की स्वल्प वेळाने तेही थांबतंय."

"गॅस असेल," मी म्हणाले.

"गॅस पोटात असतंय. हे इथं वर, फासळ्यांच्या आत." तिने हात लावून दाखवलं.

मी तिच्या पाठीला कान लावला आणि तिला वळायला सांगितलं. आत काहीतरी डुचमळलं. अर्धी भरलेली घागर कोणी उचलून पुन्हा ठेवावी तसा आवाज होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरकडे नेलं.

फोटोत उजवी छाती खालपासून निम्म्याच्या वर पांढरी होती. फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाठीतून सुई घालून पाणी काढलं, ते लालसर निघालं. बाहेर बाकावर अण्णा बसले होते. मी त्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं, कारण काही राखून ठेवणं मला जमत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "रंग कसला होता?" मी सांगितला. त्यावर ते वाकून चपलेचा पट्टा लावत बसले. तो आधीच लागलेला होता.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा. पाण्याच्या तपासणीत ठाम काही निघालं नाही, तरी गोळ्या सुरू झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. टीबी म्हणजे नियमाने गोळ्या घेतल्या की बरा होणारा आजार. मी कॅलेंडरवर महिने मोजायला लागले. गोळ्यांनी अक्काची भूक मेली आणि पाणी दोनदा पुन्हा भरलं. तरी मी तिलाच दटावत होते की तू नीट खात नाहीस.

त्यातच दसरा आला. आमच्याकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात, इथल्या भाषेत बोंबे. पायऱ्या करून त्यांवर राजाराणी, वाणी, वाजंत्री, आणि बाजूला कैलास पर्वत, त्यावर शंकरपार्वती. आई असताना पर्वतावर कापसाचं बर्फ असायचं. एका वर्षी निरांजनाची ज्योत लागून तो कापूस भडकला आणि अक्काच्या परकराचा काठ जळाला. पुढच्या वर्षी अण्णांनी कारखान्यातून एक पुडकं आणलं. ते स्टोअरकीपर होते. बॉयलरला आणि वाफेच्या नळांना गुंडाळायचं कापड आणि दोर तिथे बनत. पुडक्यातला कापूस पांढरा, मऊ, किंचित चकाकणारा होता, आणि तो जळत नव्हता. अण्णा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर त्याचा पुंजका चिमट्यात धरून ज्योतीत घालायचे. पुंजका लाल व्हायचा आणि बाहेर काढला की पुन्हा पांढराशुभ्र. बायका हात जोडायच्या. लेकी सुरक्षित राहाव्यात म्हणून तो घरात आला होता, हे मला विसरता येत नाही.

तेव्हापासून तोच कापूस. नवरात्राआधी दोन दिवस अक्का तो बोटांनी पिंजायची, जुन्या फणीने विंचरायची. दसरा झाला की झटकून उशीच्या खोळीत भरायची आणि ती खोळ तिच्या पलंगावरच्या फळीवर वर्षभर राहायची. मी लहान असताना ती स्टुलावर उभी राहून मुठीतून फुंकर मारायची आणि मी खाली तोंड वर करून उभी असायचे. दुपारच्या उन्हात ते कण खाली यायचेच नाहीत, हवेतच उभे राहायचे. आजही डोळे मिटले की मला ते तसेच दिसतात, आणि मी डोळे उघडते.

त्या वर्षी अक्काला स्टुलावर चढणं शक्य नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगत होती आणि पर्वत मी मांडत होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"यंदा पर्वत राहू दे," ते म्हणाले.

"का? अक्काला आवडतो."

"राहू दे म्हटलं की."

माझ्या अंगात आलं. मी म्हणाले, आजारी माणसाला चार दिवस आनंद मिळतोय तोही तुम्हाला बघवत नाही का. ते वळून गेले. मी खोळ झटकून सगळा कापूस काढला आणि आजवर झाला नव्हता एवढा उंच पर्वत केला.

संक्रांतीच्या सुमाराला अक्का चार शब्द बोलून थांबायला लागली तेव्हा मी तिला दुसऱ्या इस्पितळात नेलं. तिथल्या छातीच्या डॉक्टर तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बोटांनी पाठ ठोकली. डावीकडे पोकळ आवाज आला, उजवीकडे भिंत ठोकावी तसा. स्कॅन काढला, फासळ्यांमधून फुफ्फुसावरच्या आवरणाचा तुकडा घेऊन तपासायला पाठवला. अहवाल यायला बरेच दिवस लागले. तो यायचा त्याच्या आदल्या रात्री मी बनशंकरीलाच राहिले, आणि त्या दिवशी अण्णा नेहमीसारखे बाहेरच बसले होते.

डॉक्टरांनी अक्काला विचारलं, "तुम्ही कारखान्यात काम केलंय?"

"नाही. शाळेत."

"खडू," मी मध्येच म्हणाले.

"खडूने हे होत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "घरात कोणी कारखान्यात होतं?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांचा कारखाना सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"त्यांचे कपडे कोण धूत असे?"

"मी," अक्का म्हणाली.

"कपड्यांखेरीज आणखी काही घरी येत होतं का तिथून?"

अक्का अगदी सहज, फळ्यावरचं उत्तर वाचावं तशी म्हणाली, "बर्फ."

डॉक्टरांना ते उलगडून सांगावं लागलं. मला नाही. मला एका क्षणात पर्वत दिसला, ती फणी दिसली, आणि फोटोतला तो पांढरा भाग दिसला.

मेसोथेलिओमा. हा शब्द आम्ही दोघींनी पहिल्यांदा ऐकला. फुफ्फुसावर दुपदरी पातळ आवरण असतं, त्याचा हा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉसचे केसाहून बारीक तंतू श्वासातून आत जातात आणि तिथे रुततात. ते विरघळत नाहीत, जळत नाहीत. तीस-चाळीस वर्षं काहीच घडत नाही आणि मग घडतं. रोज त्या धुळीत राबणाऱ्याला होईलच असं नाही, आणि घरातल्या एखाद्याला होतो, असं डॉक्टर म्हणाल्या. मी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. अण्णा ताठ बसून बरोबर आणलेली कॉफी पीत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी दाराच्या कडीला हात घातला.

अक्काने माझं मनगट धरलं. "अण्णांना कळता कामा नये," ती म्हणाली. "त्यांना कॅन्सर सांग. कशाने ते सांगू नको. माझी शपथ."

"का म्हणून? त्यांनीच—"

"म्हणूनच."

मी कबूल झाले. काही राखून न ठेवणारी मी, पुढचे आठ महिने तोंड शिवून बसले.

त्याच संध्याकाळी खोळ काढून टाकायची म्हणून मी फळीवर हात घातला. खोळ नव्हती. फळी रिकामी होती आणि तिचं लाकूड अजून दमट होतं. खालच्या फरशीवर ओल्या फडक्याचे वाळलेले फराटे होते. घरात सकाळपासून कोणी नव्हतं, आम्ही तिघंही इस्पितळात होतो. अक्काने आधीच काही ताडलं असेल आणि निघण्यापूर्वी काढली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुढेही दर भेटीत तिच्या खोलीची फरशी मला ओली सापडायची. तिला विचारलं तर म्हणाली, "तूच पुसतेस वाटलं की मला." त्यानंतर मी विचारलं नाही. त्या खोलीत एकटी बसायची मला भीती वाटायला लागली.

उपचार म्हणजे पाणी थोपवणं आणि दुखणं कमी करणं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फासळ्यांमधून नळी घातली. पाणी पलंगाखालच्या बाटलीत उतरायचं आणि अक्का श्वास घेईल तशी बाटलीतली पातळी वरखाली व्हायची. मग दोन्ही पदर एकमेकांना चिकटावेत म्हणून नळीतून आत शंखजिऱ्याची शुद्ध केलेली पूड सोडली. अक्का मला म्हणाली, "परत पांढरी पूडच काय गे?" आणि हसली. त्या हसण्याने मला तेव्हा रडू आलं. पाणी भरणं खरोखरच थांबलं. दोन महिने तिने बरे काढले, घरी मुलींच्या वह्याही तपासल्या. कॅन्सरची इंजेक्शनं मात्र तिला सोसली नाहीत, तिसऱ्यानंतर तिनेच नको म्हटलं. शेवटी शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. त्यांनी दुखणं थांबायचं आणि ती झोपेत आकडे पुटपुटायची.

अण्णा दिवसभर तिच्या उशाशी. तिला चमच्याने सारू, म्हणजे पातळ आमटी, भरवायचे. तीही त्यांच्यासमोर कुरकुरायची नाही. एकदा त्यांनी घास भरवताना "लहानपणापासून हिची छाती नाजूकच" असं म्हटलं, आणि माझ्या ओठांपर्यंत सगळं आलं. अक्काने नुसती नजर उचलली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

गणपतीच्या आधी, एका सकाळी, अक्का गेली. तिला जे हवं होतं ते मी पाळलं होतं. अण्णांना कळलं नव्हतं. त्या दुःखातही मला याचा अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

पुढे दोन महिन्यांनी अण्णांना माझ्याकडे आणलं. एके दिवशी नाश्त्याला बसलो असताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "तू छातीचा फोटो काढून घे."

"मला कुठे खोकला आहे?"

"तिला कुठे होता? गेल्या वर्षीच्या दसऱ्याला पर्वत तू मांडलास. मी नको म्हणालो होतो."

मी हातातला घास ताटात ठेवला. "तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"कारखान्यातली तिघं अशीच गेली. लाल पाणी भरून. रंग विचारला की मी तुला." ते शांतपणे बोलत होते. "अहवाल यायचा होता त्या दिवशी पहाटे, तू तिला आंघोळीला नेलंस तेव्हा खोळ भिजवून परसात पुरली. फरशी रोज ओल्याने पुसत होतो. उडू नये म्हणून."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? टीबीच्या गोळ्या खात होती ती! सहा महिने!"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं टीबीच निघेल. देवळात जाऊन रोज टीबीच मागत होतो गे."

मला ओरडायचं होतं. आठ महिने आम्ही दोघी त्यांच्यासाठी गप्प होतो आणि ते आमच्यासमोर गप्प होते, आणि तिघांच्या मध्ये अक्का मरत होती. मी त्यांचं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेले तेव्हा ते बरोबर आले. या वेळी बाहेर बाकावर बसले नाहीत. खिडकीपाशी लांब रांग होती. आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईने वही पुढे ओढली. मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढे झाले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये सांगू लागले, ते कोणत्या कारखान्यात होते, तिथे काय बनत होतं, ते घरी काय आणत होते, कोणासाठी आणत होते, आणि त्यांची थोरली मुलगी कशाने गेली. त्या बाईला फक्त माझं नाव आणि वय हवं होतं.