नंदूची रजा

चंद्रहास म्हात्रे पेणकडचा. घरात पिढ्यानपिढ्या गणपती घडवण्याचं काम. इथे आखातात, गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी जिप्समच्या वेलबुट्ट्या आणि खांब ओततो. मी तिथेच डिझायनर आहे. माबेल्यातल्या घरून गाडी चालवत पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं, आणि हा माणूस मात्र नुकती पूजा आटोपल्यासारखा शांत. त्याचा मला रागच यायचा.

मागच्या वर्षी एका मॉलने आम्हाला इजिप्तच्या एका राजाच्या थडग्यातल्या खजिन्याच्या प्रतिकृती करायला दिल्या. सोन्याचा मुखवटा, एकात एक बसणाऱ्या शवपेट्या, पलंग, रथ. मला त्या राजाचा पहिल्या दिवसापासून तिटकारा. मेल्यावरही याला बसायला खुर्ची हवी, खायला बदक हवं आणि राबायला माणसं हवीत! ती माणसं म्हणजे शब्ती. वीतभर उंचीचे पुतळे, गुंडाळलेलं अंग, छातीवर दोन्ही हात आणि हातात कुदळ. परलोकात राजाला शेत खणायला किंवा वाळू वाहायला बोलावणं आलं, की त्याच्याऐवजी यांनी पुढे व्हायचं आणि म्हणायचं, "मी इथे आहे." कैरोहून आलेल्या सल्लागार बाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले.

"म्हंजे तिथंपन ओव्हरटाइम," नंदू म्हणाला.

नंदू चंद्रहासच्या शेजारच्या गावचा, त्याचा रूममेट आणि ओतकामातला जोडीदार. फोटोंमध्ये शब्तींचे चेहरे झिजलेले होते. "कुठलाही साधा चेहरा द्या," असं मी म्हटलं, तसं चंद्रहासने नंदूलाच स्टुलावर बसवलं. रुंद नाक, पुढे आलेले कान, जरासा वाकडा ओठ. साचा झाला आणि सगळ्या टेबलांवर नंदूच नंदू वाळत पडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोट करून दाखवायचा, "बघा, राजाकडं नोकरी लागली!"

थोड्याच दिवसांनी एका सकाळी नंदू उठला नाही. झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं होतं.

आमचे अर्बाब, म्हणजे मालक यासिर, स्वतः कागदपत्रांसाठी धावले, विमानतळापर्यंत पेटीबरोबर गेले. चंद्रहासचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणात अडकला होता, त्यामुळे नंदूला खांदा द्यायला तो गावी जाऊ शकला नाही. मला हे फार लागलं, कारण आधीचं सगळं मला माहीत होतं. आदल्या वर्षी नंदूची रजा मंजूर झाली होती, मुलीच्या बारशासाठी बॅगही भरून झाली होती. तेवढ्यात चंद्रहासची आई गेली. दोघांना एकदम सोडणं शक्य नव्हतं. नंदू म्हणाला, "तू जा, तुजं काम मी करतो." मग एकामागून एक कामं येत गेली आणि नंदूची रजा पुढे ढकलली गेली ती गेलीच. मुलगी त्याने फोनवरच पाहिली.

पेटी गेली त्याच आठवड्यात चंद्रहास माझ्या केबिनमध्ये आला. हात कोपरापर्यंत पांढरे.

"मॅडम, शब्तींचा साचा बदलाचा हाय."

"आता?" मी ओरडलेच. "माल कधी जायचाय ठाऊक आहे ना?"

"डोळे आखाचे राह्यलेत, तवर ते प्लास्टर हाय. एकदा डोळे उघडले का त्यात जीव आला. मग नंदू कामाला लागला, मॅडम. मेल्यावरपन. आनी तिथं तर रजाच नाय."

हे थडगं खोटं आहे, राजाही खोटा आहे, असं अगदी ओठावर आलं होतं. पण गणपतीचे डोळे आखताना ज्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, त्या घरातला माणूस माझ्यासमोर उभा होता. मी यासिरना बोलावलं.

"अर्बाब, ये सब नंदू है," चंद्रहास त्यांना म्हणाला.

यासिरनी एक पुतळा उचलला, त्याच्या कानावरून बोट फिरवलं आणि तो हलकेच खाली ठेवला. "बदलो," ते म्हणाले. "मॉलवालों से मैं बात करूँगा. खलास."

जुन्या पुतळ्यांना चंद्रहासने कोणाला हात लावू दिला नाही. आधी प्रत्येकाच्या हातातली कुदळ छिन्नीने काढली, मगच पुतळा फोडला. एकेक करत, सगळे. ते बघताना मला रडू आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. नवा साचा त्याने दार लावून केला. कोणाचा चेहरा दिला हे घाईगर्दीत मी विचारलंही नाही. पॅकिंगही त्यानेच केलं.

उद्घाटनाला सोन्याच्या मुखवट्यापुढे मोबाइल उंचावून गर्दी उसळली होती. चंद्रहास इस्त्रीचा शर्ट घालून शब्तींच्या काचेपाशी एकटाच उभा होता. मी वाकून पाहिलं. अरुंद कपाळ, डाव्या भुवईतली खोक, घट्ट मिटलेले ओठ. काचेआड रांगेने चंद्रहास उभे होते, हातात कुदळ आणि डोळे उघडे.

"चंद्रहास, हे काय करून ठेवलंत?" माझा आवाज चढला. "तुम्ही जिवंत आहात अहो!"

"कोनतरी लागतोच ना तिथं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाचा चेहरा कसा देऊ?"

काचेवर अरबी आणि इंग्रजी मजकूर होता. त्यात काय लिहिलंय ते त्याने विचारलं. मी मराठीत सांगितलं, "कामाची हाक आली, तर तू म्हण, मी इथे आहे."

त्याने मान डोलावली आणि स्वतःच्याच त्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.

"नंदूच्या नावानं हाक आली तर मी सांगीन," तो म्हणाला, "तो रजेवर हाय. मुलीकडं गेलाय."