फ्रिजमध्ये ठेवलेला संप

मस्कतला, अल हैल भागात, आमच्या शेजारी आइसलँडची एक बाई राहायची. ती, नवरा आणि मुलगी, तिघांची आडनावं तीन. आम्ही बायकांनी लगेच ठरवून टाकलं, काहीतरी लफडं आहे! शेवटी तिनेच हसत सांगितलं, आमच्याकडे आडनाव म्हणजे बापाचं नाव, आणि लग्न झालं म्हणून बाई ते बदलत नाही.

माझ्या डोक्यात बसली ती तिची दुसरी गोष्ट. ती लहान असताना तिच्या देशातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं, घरचं आणि ऑफिसचंही. बाप मुलांना घेऊन कामावर गेले, झटपट शिजतात म्हणून दुकानांतले सॉसेज संपले. पुढे काही वर्षांत तिथे बाई राष्ट्राध्यक्ष झाली. बघा!

मला तेव्हा मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी चालून आली होती. लग्नाआधी वसईत मी तेच करायचे. पण इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर, त्याच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. तो म्हणायचा, "घर कोण बघणार?" शाळेला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

तेव्हा तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. शुक्रवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी दोन मैत्रिणींना पटवलं. उद्या कशालाही हात लावायचा नाही. कळू दे यांना घर कसं चालतं ते! यल्ला, चला, ठरलं.

घरी आले आणि जीव राहीना. पोरं उपाशी शाळेत जातील? नवऱ्याला तर मेल्याला चहासुद्धा येत नाही. म्हणून चपात्या लाटून फॉइलमध्ये गुंडाळल्या, कोलंबीचं कालवण केलं, डबे भरले, थर्मासमध्ये चहा ओतला, युनिफॉर्मना इस्त्री केली. त्या दोघींनीही हेच केल्याचं मागाहून कळलं. डोंबलाचा संप!

शनिवारी मी सोफ्यावर बसून राहिले. कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी नवऱ्याने कालवण गरम केलं, पोटभर जेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "एका संध्याकाळीच उरकतं की गं सगळं तुझं. एवढ्याने रोज दमतेस, मग शाळा कशी झेपेल तुला?"

मला इतका संताप आला, पण ते सगळं आदल्या संध्याकाळी मीच करून ठेवलं होतं.

रविवारी तो ऑफिसला गेल्यावर मी शाळेत फोन करून नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घरचे तयार नाहीत का?"

"नाही हो," मी म्हटलं, "मलाच झेपणार नाही."