पाववाल्याची बायको

मरीन परेडला आमच्याच मजल्यावर एक इंग्रज गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी शिक्षक म्हणून सिंगापूरला आले, इथल्याच एका चिनी मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. बायको गेली. मूलबाळ नाही. मजल्यावरची पोरं त्यांना अंकल म्हणतात, म्हणून आम्हीही अंकलच म्हणतो.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी मला लिफ्टपाशी थांबवलं.

"तू बँकेत कागद तपासायचीस ना?"

रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मी बरीच वर्षं ऑडिटमध्ये होते. मी हो म्हटलं.

"मग माझ्यासाठी थोडे कागद वाच. मला आता समोरचं दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात."

त्यांना त्यांच्या पणजीचं थडगं शोधायचं होतं. पणजोबा इंग्लंडमधल्या एका लहान गावात पाववाले होते. त्यांचा फोटो अंकलच्या हॉलमध्ये होता: दुकानाच्या दारात उभा, एप्रन बांधलेला रुंद माणूस. पणजीचा फोटो नव्हता. घरात एवढंच सांगत की ती दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि पाववाल्याने मोठ्या लेकीला एकट्याने वाढवलं. ती लेक म्हणजे अंकलची आजी.

मला वाटलं, आठवड्याभराचं काम. तिकडचे जुने कागद आता घरबसल्या पाहता येतात. दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा लिहिलेला असतो. पहिल्या यादीत ती सापडली: पाववाला, बायको, तीन वर्षांची मुलगी. पुढच्या यादीत पाववाला आणि मुलगी होती, बायको नव्हती. पाववाल्याच्या नावापुढे 'विधुर' लिहिलं होतं. हिशेब जुळला. आता चर्चच्या दफनाच्या नोंदी पाहायच्या आणि तारीख काढायची, एवढंच उरलं.

तान्ह्या बाळाचं दफन मिळालं. आईचं मिळालं नाही. मी शेजारच्या गावांच्या नोंदवह्या पाहिल्या, नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं. कुठेच नाही. ऑडिटमध्ये असं झालं की मी जेवण सोडून बसायचे. तीच खोड. शेवटी त्याच जनगणनेतल्या, त्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थांच्या याद्या उघडल्या आणि वेड्यांच्या इस्पितळाच्या यादीत एक ओळ दिसली. रोग्यांची तिथे पूर्ण नावं लिहीत नसत. दोन आद्याक्षरं, वय, जन्मगाव आणि धंद्याच्या रकान्यात 'पाववाल्याची बायको'. सगळं जुळत होतं. नवऱ्याने स्वतःला विधुर लिहवलं, त्याच साली ती वीस मैलांवर जिवंत होती.

अंकलना मी काही सांगितलं नाही. "शोधतेय अजून," म्हटलं आणि तिकडच्या दफ्तरखान्याला पत्र पाठवलं. दीड महिन्याने इस्पितळाच्या वहीच्या पानांचे फोटो आले. डॉक्टरचं अक्षर लावायला मला चार दिवस लागले.

भरती करताना डॉक्टरने दोन भाग लिहिले होते. एक, स्वतः पाहिलेलं: बाई शांत आहे, विचारलेल्याला नीट उत्तर देते, मेलेल्या बाळाचं बोलताना रडते. पाव दिला तर तोडून जिभेला लावते आणि बाजूला ठेवते. दुसरा, इतरांनी सांगितलेलं: नवरा म्हणतो, ती दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांना सांगते की माझा नवरा पाव पांढरा दिसावा म्हणून पिठात तुरटी घालतो, हा पाव पोरांना देऊ नका, माझं बाळ त्यानेच गेलं. त्याखाली एक शब्द होता, 'भ्रम'.

पुढे वर्षाला एखादी ओळ. फरक नाही. धुलाईत काम करते. पाव खात नाही, बटाटे खाते. फरक नाही. अशी पानं उलटत गेली आणि शेवटी न्यूमोनिया, आणि इस्पितळाच्याच आवारात दफन.

मी सवयीने नवऱ्याचं नावही जुन्या वर्तमानपत्रांत टाकून पाहिलं. ती आत गेल्यानंतर काही वर्षांनी, चार ओळींची बातमी होती. पिठात तुरटी घातल्याबद्दल त्या गावच्या पाववाल्याला न्यायाधीशाने शिक्षा केली होती. तोच माणूस, तीच गल्ली. ही बातमी आल्यावरही इस्पितळाच्या वहीत पुढच्या वर्षीची ओळ होती: फरक नाही.

बाळ तुरटीने गेलं असेल असं मला वाटत नाही. त्या काळी तान्ही मुलं कशानेही जात. पण पिठात तुरटी होती. तेवढं ती खरं बोलत होती.

पंधरा दिवस मी अंकलना टाळलं. मग त्यांनीच दार वाजवून मला त्यांच्या घरी नेलं, आणि मी अर्धंच सांगितलं: ती बाळंतपणात गेली नव्हती, वेड्यांच्या इस्पितळात होती, तिथेच वारली.

ते म्हणाले, "वेडीच होती म्हणजे. मग त्या बिचाऱ्याने तरी काय करायचं?"

हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं होतं. माझ्या आत्याबद्दल वडील हेच म्हणायचे, जवळजवळ याच शब्दांत. आत्याला सासरच्यांनी येरवड्याला मनोरुग्णालयात ठेवलं होतं. दोन वर्षांनी ती आमच्याकडे आली ती कायमचीच. मला आठवते ती भाजी निवडणारी, कोणी खोलीत आलं की उठून जाणारी. ती भ्रमिष्ट आहे, तिच्याशी फार बोलू नका, असं आम्हा मुलांना सांगितलेलं होतं. आम्ही बोललो नाही. मी कॉलेजात असताना ती वारली.

अंकलसमोर मला पुढे गप्प बसवेना. "थांबा," म्हटलं, आणि लॅपटॉप आणून सगळं वाचून दाखवलं. दोन्ही भाग, सगळ्या ओळी, मग बातमी. त्यांनी 'भ्रम' तेवढा दोनदा वाचायला लावला.

"त्या माणसाने माझ्या आजीला वाढवलं," ते म्हणाले. "आजी त्याच्या पावाच्या गोष्टी सांगायची. ती आईच्या भेटीला कधी गेली होती का?"

"भेटीचं वहीत काही नाही."

"आजीला माहीत होतं का?"

त्यांनी मला जायला सांगितलं, नीटच सांगितलं, पण पुढचा महिनाभर ते माझ्याशी जेमतेम बोलले. इंग्लंडमधल्या चुलतभावाला त्यांनी सगळं कळवलं. त्याचं उत्तरही मलाच वाचावं लागलं. मेलेल्या माणसांची बदनामी थांबवा, एवढाच मजकूर होता. अंकल म्हणाले, "उत्तर द्यायचं नाही." मग थोड्या वेळाने, "तिच्या दफनाची जागा मिळते का बघ." मी पत्र पाठवलं. तिथे आता घरं झालीत.

मी रविवारी सकाळी पुण्याला आईला फोन करते. त्या रविवारी तिची औषधं, गुडघे वगैरे झाल्यावर विचारलं, "आई, आत्या काय बोलायची गं? तिला येरवड्याला नेलं तेव्हा?"

"आता कशाला ते?"

"काहीतरी म्हणत असेल ना. भ्रमिष्ट म्हणायचे ते कशावरून?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणायची, दीर रात्री खोलीत येतो."

"आणि तुम्ही?"

"तुझ्या वडिलांनी तिच्या सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, हिच्या डोक्यात काहीतरी भरलंय. मोठं घर होतं त्यांचं, मान होता. यांनी ऐकून घेतलं. डॉक्टरांपुढे यांनीच सही केली."

"तुला काय वाटलं होतं?"

"मला कोणी विचारलं नाही," आई म्हणाली. आणि लगेच, "पण मला वाटलं होतं ती खरं बोलतेय. आपल्याकडे आल्यावर ती दाराला आतून खुर्ची लावून झोपायची. वेड लागलेलं माणूस इतकं नीट सांभाळून नाही राहत."

इतकी वर्षं हे तिने एकटीने बाळगलं होतं, आणि मी तिच्यावर रागवावं की नाही हेच मला कळेना. वडील आता नाहीत. तो दीर कधीच गेला. आत्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. येरवड्याला लिहून पाहिलं. इतकी जुनी कागदपत्रं मिळणं कठीण आहे, असं कळलं.

"हे कुठे लिहीबिहू नकोस हं," फोन ठेवताना आई म्हणाली.

तेव्हा मी हो म्हटलं होतं.