हाकेमागे पोहत आलेली चांदी

श्रीअंबाबाईच्या चरणी मस्तक ठेवून लिहितो. आज श्रावणातल्या शुक्रवारी, देवदर्शनानंतर, पंचगंगेच्या महापुराच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन पाहिले. एका छायाचित्रात नावेत उभी असलेली स्त्री दिसली आणि मी जागीच थांबलो. त्याच नावेत, ओल्या घोंगडीखाली, मांडीवर देवांची पेटी घेऊन विशीतला मी बसलो होतो.

ती आमच्या शेजारची गवळीण, रत्नाआक्का. तिच्या गोठ्यात छातीएवढे पाणी चढले होते. दावे कापले तरी तिची म्हैस चांदी भेदरून दारातून हलेना.

"आक्का, बस की खाली! म्हशीपायी समद्यांस्नी बुडवतीस व्हय?" नावाडी ओरडला.

"वरडू नगंस, नाव थांबव. तिला टाकून मी न्हाय येणार."

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मालकाच्या हाकेमागे पळवतात. आक्काने तीच हाक दिली, पुन्हा दिली, आवाज फाटेपर्यंत देत राहिली. नाव डोलत होती, गढूळ पाण्याला शेणाचा वास होता आणि आम्हा सर्वांचे डोळे त्या दाराकडे लागले होते. अखेर काळी शिंगे पाण्यावरून पुढे सरकली आणि चांदी नावेमागे पोहू लागली.

तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. ज्याचे पालन पत्करले त्याला न सोडणे हेही व्रतच, हे आज त्या छायाचित्रापुढे उमगले.

वाचकहो, जगदंबा आपल्या घराला तेच बळ देवो, आणि संकटकाळी आपल्या दारचा मुका जीवही मागे न राहो.